चिंचोक्याच्या खळीतला समुद्र

नाटकाचा पडदा रंगवणाऱ्याला रंगवताना तो पडदा पुरा कधीच दिसत नाही. हे सांगितलं की लोकांना वाटतं, म्हातारा थापा मारतोय. पण चौदा हात रुंद आणि नऊ हात उंच मांजरपाट पसरायला जागा पाहिजे ना? रत्नागिरीतल्या आमच्या घरामागे विहीर आणि गोठा यांच्यामध्ये जेमतेम पाच हातांची सपाट जागा होती. तिथे मी कापड आडवं पसरायचो. दोन्ही टोकांना बांबू. एका बांबूवरून सोडायचं, दुसऱ्यावर गुंडाळायचं आणि मधे जो पट्टा उघडा पडेल तो रंगवायचा. आज डावीकडचा समुद्र, चार दिवसांनी मधला, मग उजवीकडचा. पुरा समुद्र दिसायचा तो पडदा थिएटरात वर टांगल्यावरच.

त्या पडद्यातला निम्मा समुद्र माझ्या बहिणीचा होता, अक्काचा. आणि तिनं तो टांगलेला एकदाही पाहिला नाही. मी सांगतोय ते त्याचंच, आणि दोष कुणाचा हे शोधायला वाचणाऱ्याला फार लांब जावं लागणार नाही.

साल सत्तावीस-अठ्ठावीसच्या सुमाराचं. मी बाविशीचा. ड्रॉइंगच्या परीक्षा देऊन मुंबईला एका पडदे रंगवणाऱ्याकडे वर्षभर रंगाचे डबे घासले होते आणि आगबोटीनं परत आलो होतो. मुंबईला जाऊन आलेल्या माणसाला जो माज चढतो तो मला पुरेपूर चढला होता. गावात कोर्टातले कारकून, दोन मास्तर आणि एक वकील अशी एक हौशी नाटक मंडळी होती. माघात त्यांना नवं संगीत नाटक लावायचं होतं. त्यात दुसऱ्या अंकात गलबत बुडतं आणि नायक किनाऱ्यावर उभा राहून लांबलचक पद म्हणतो. त्या प्रवेशासाठी समुद्राचा पडदा हवा होता. मी म्हटलं, हात्तिच्या, समुद्रच ना? लहानपणापासून मांडवीच्या काळ्या वाळूत लोळलोय मी. काढतो.

घरात आम्ही तिघं. आई लहानपणीच गेलेली. वडील, म्हणजे अण्णा, कोर्टात कारकून. आणि अक्का. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. सोळाव्या वर्षी नवरा वारला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिचं केशवपन झालेलं, अंगावर लाल आलवण, दिवसाला एकदाच जेवण, आणि सगळ्या घराचा स्वयंपाक सोवळ्यात तिच्याच हातचा. लग्नाआधी अण्णांनी तिला पेटीसमोर बसवून दहा-बारा राग शिकवले होते. तिचा गळा गोड होता, असं आळीतले जुने लोक सांगत. परत आल्यावर तिला कुणी गाऊ नकोस म्हटलं नाही. पण गा असंही कुणी म्हटलं नाही. पेटी कोनाड्यात गेली आणि तिच्यावर पंचांगं रचली गेली.

आता रंगाची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच बिघडलं. पडद्याचा रंग म्हणजे कोरडी पूड. ती कापडावर धरून ठेवायला डिंकासारखं काहीतरी लागतं. मुंबईत आम्ही सरस वापरायचो, सुतार वापरतात तो. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात आणि शिजवताना वास असा सुटतो की नाक मुठीत धरावं लागतं. असला पदार्थ आमच्या घरात, तेही अक्काच्या सोवळ्याजवळ? शक्यच नव्हतं. मंडळींची एक पडकी वखार होती, तिथं जाऊन मी खुशाल सरस शिजवला असता आणि तिथंच रंगवत बसलो असतो. पहिले आठ दिवस तसं केलंही. पण लाटा काही जमेनात.

वैतागून मी तो अर्धा पट्टा घरी आणला आणि मागच्या दारी पसरून बघत बसलो. अक्का विहिरीवरून कळशी घेऊन येत होती. थांबली, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "लाटा काढल्यास की कौलं शाकारलीस?"

मला राग आला. पण बाईनं बरोबर बोट ठेवलं होतं. माझ्या लाटा एकीवर एक, एका मापाच्या, ओळीनं चढवलेल्या होत्या. मी तणतणलो की तुला काय कळतंय, तू समुद्रावर जातेस तरी कधी? तर ती म्हणाली, जात नाही, पण ऐकते की रोज.

हे खरं होतं. आमच्या घरातून समुद्र दिसत नसे. मधे टेकाड होतं. पण भरतीच्या वेळी दुपारी घर शांत असलं की त्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येई. मी तिथंच जन्मलो, वाढलो, पण तो आवाज कान देऊन कधी ऐकला नव्हता. अक्कानं कळशी खाली ठेवली आणि मला सांगितलं, ऐक. एक मोठी लाट येते. मग एक अर्धी येते, मनात नसल्यासारखी. मग एक येतच नाही, नुसतीच फुगते आणि बसते. आणि मग पुढची येते ती मात्र लांबून ठरवून आल्यासारखी येते, फुटायच्या आधी क्षणभर थांबते आणि मग समेवर पडते. हे सांगता सांगता ती गुणगुणायला लागली. विलंबित, अगदी खालच्या सुरात. कुठे थांबायचं, कुठे सोडून द्यायचं, कुठे गिरकी घेऊन खाली यायचं. माझ्या हातात ब्रश होता. मी खाली बसलो आणि ती म्हणेल तशी लाट ओढली.

ती पहिली खरी लाट. मी आयुष्यात काढलेली पहिली.

झालं. मी वखारीत जायचं बंद केलं. मागच्या दारी अक्का सुपारी कातरत किंवा तांदूळ निवडत बसे आणि गुणगुणत असे. मी कापडावर उकिडवा बसून रंगवी. ती जी गुणगुणायची ती जुन्या संगीत नाटकांतली पदं होती, हे दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं. मी थक्क झालो. ही शिकली कुठे? तर गडग्याच्या दगडी कुंपणापलीकडे त्या वकिलांकडे फोनोग्राफ होता आणि संध्याकाळी तबकड्या वाजत. विहिरीवर हिला पाणी काढायला एवढा वेळ का लागतो, ते मला त्या हिवाळ्यात कळलं. शब्द मात्र ती एकही उच्चारत नसे. आलवणातल्या बाईनं नाटकाचं पद म्हटलं तर आळीत काय गहजब झाला असता! शब्द काढून टाकले की शेजारणींना वाटायचं, भूपाळी म्हणतेय. मला म्हणायची, सूर कुणाच्या ओळखीचे नसतात रे, फक्त शब्दांना लोक ओळखतात.

नायकाच्या त्या लांबलचक पदाची चाल मंडळींच्या पेटीमास्तरांनी बसवली होती. ती मी तालमीत ऐकून घरी येई आणि माझ्या फाटक्या गळ्यात तिला म्हणून दाखवी. ती पोट धरून हसे, मग नीट करून घेई. त्या चालीवर आम्ही मधला सगळा समुद्र रंगवला. आम्ही म्हणतोय ते मुद्दाम. तान जिथं लांबायची तिथं मी ब्रश न उचलता फेस ओढत न्यायचो. ती श्वास घ्यायला थांबली की मी थांबायचो, आणि तिथं दोन लाटांमधला खोल हिरवा खड्डा यायचा. मधल्या भागातली तिसरी लाट तिनं मला चार वेळा पुसायला लावली. समेआधीच फुटतेय म्हणे. चौथ्यांदा मी ब्रश फेकला. तिनं तो उचलून धुऊन परत माझ्या हातात दिला. पाचव्यांदा लाट जमली.

आणि सरस घरात चालत नाही म्हणून खळ तीच करून देई. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, रात्रभर भिजवायचे, वाटायचे आणि मंद आचेवर घोटत बसायचं. हातांना फोड येत तिच्या. घट्ट, चिकट, बिनवासाची खळ. रंग तिच्यात असा बसायचा की मी खूश. एकदा तिनं सांगितलं की पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, नाहीतर कसर लागून कागद खाऊन टाकते, बाजारातून तेवढा घेऊन ये. मी हो म्हटलं आणि आणला नाही. विसरलो असं म्हणायची सोय आहे, पण विसरलो नव्हतो. मोरचुदानं माझा पांढरा फेस निळसर होईल अशी मला धास्ती होती. तिला मात्र मी सांगितलं, घातला.

पौष संपता संपता पडदा पुरा झाला. नाटकाच्या दिवशी दुपारी तो गुंडाळून बैलगाडीनं थिएटरात जायचा होता आणि लगेच टांगून बघायचा होता. जेवणं आटोपल्यावर अक्का पदराला हात पुसत माझ्याजवळ आली. म्हणाली, मला एकदा तो उभा बघायचाय. आडवा बघून बघून मान गेली. दुपारी तिथं कुणी नसेल, पाच मिनिटं बघेन आणि मागच्या वाटेनं परत येईन. मग जरा घुटमळली आणि म्हणाली, "अण्णांना विचारशील?"

मी म्हटलं, विचारतो.

मी उठलो, ओटीवर गेलो. अण्णा झोपाळ्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी फोडत होते. मी त्यांच्यासमोरून पायऱ्या उतरलो, पाय धुतले, परत पायऱ्या चढलो, त्यांच्यासमोरून आत गेलो आणि अक्काला सांगितलं, "अण्णा नको म्हणाले."

का, ते मी आजवर अनेक तऱ्हांनी स्वतःला समजावलं आहे. अण्णा फार कडक, ते नाहीच म्हणाले असते, उगाच तिला बोलणी बसली असती. आमच्या घरात अण्णांना काही विचारायचं नाही असा नियमच होता. तो अण्णांनी केलेला नव्हता, आम्हीच करून ठेवला होता. दुसरं कारण मला जास्त पटायचं. संध्याकाळी रंगमंचावर नारळ फुटायचा होता. पहिला प्रयोग. अशा वेळी विधवा बाई रंगमंचासमोर येऊन उभी राहिली तर मंडळी अपशकुन म्हणतील. म्हणतील म्हणजे काय, कुणीही काही म्हटलं नव्हतं. मीच सगळ्यांच्या वतीनं मनातल्या मनात म्हणून घेतलं. गावात तेव्हा सुधारणेच्या सभा होत आणि मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत असे. पण हीसुद्धा सबबच. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. नटमंडळी तिथं पान खात बसलेली असणार, पेटीमास्तर असणार, मुंबईहून पाहुणे यायचे होते. त्यांच्यासमोर डोक्यावरून आलवण ओढलेली माझी बहीण येऊन उभी राहणार, आणि पडदा कुणी काढला म्हणून सगळे माझ्याकडे बघत असताना ती माझ्या बाजूला असणार. मला अक्काची लाज वाटली. एवढंच होतं ते.

ती "बरं," म्हणाली आणि आत गेली.

प्रयोगाचं काय सांगू? दुसऱ्या अंकात पडदा दिसला आणि लोक नटाच्या आधी पडद्याला टाळ्या देऊ लागले. मग पेटी सुरू झाली, नायकानं पद उचललं, आणि लाटा हलायला लागल्या. मी विंगेत उभा होतो. मला ठाऊक होतं की कापड हलत नाहीये. पण त्या चालीवर रंगवलेला समुद्र त्याच चालीसमोर उभा होता, त्यामुळे जिथे सूर लांबे तिथे डोळा आपोआप फेसावरून सरके आणि समेला येऊन तिसऱ्या लाटेवर पडे. पेटीमास्तरांनी मध्यंतरात माझे दोन्ही हात धरले. विचारलं, गाणं शिकलायस का? मी म्हटलं, नाही, कानावर पडलेलं आहे. कुणामुळे पडलं, ते सांगायला तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का सगळं खोदून खोदून विचारत होती. तिसरी लाट कशी दिसली? दिव्यात हिरवा रंग काळा पडला का? लांबून क्षितिज सरळ वाटतं का? मी फुशारकीनं सांगत होतो आणि ती भाकरी थापता थापता ऐकत होती. मग मलाच कसंतरी झालं. मी तिला वचन दिलं. आता पुढचे दोन प्रयोग होऊ देत, पावसाळा जाऊ दे, दिवाळी झाली की पडदा घरी आणतो आणि आपल्या आगरात दोन माडांना आडवा वासा बांधून तिथं टांगतो. तुझ्या एकटीसाठी. अण्णांनाही काही म्हणायला जागा नाही. तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, चला, फिटलं.

पावसाळ्यात पडदा मंडळींच्या वखारीत माळ्यावर पडून होता. कोकणातला पावसाळा. चपला चार दिवस कोपऱ्यात राहिल्या तर त्यांना बुरशी येते. पण मी एकदाही जाऊन पडदा उलगडून बघितला नाही. अक्का मात्र श्रावणापासून विचारत होती, ऊन दाखवलंस का रे? मी म्हणे, दाखवलं.

दिवाळी झाली. तिनं माड स्वतः निवडले. खालचा सगळा पातेरा झाडून घेतला, शेणसडा घातला. सत्यनारायणाची पूजा मांडायची असावी तशी तयारी. ठरल्या दिवशी तिनं स्वयंपाक लवकर उरकला. मी मंडळींतल्या दोघांना घेऊन बैलगाडीतून गुंडाळी आणली. उतरवतानाच हाताला काहीतरी भुसभुशीत लागलं. वाशाला दोऱ्या बांधल्या, वर ओढायला लागलो, आणि कापड स्वतःच्या वजनानं टरकलं. आतून भुकटी गळाली. काळ्या बुरशीचे चट्टे, आणि त्यांच्यामधून कसरीनं कोरलेली भोकं. मधला भाग सगळ्यात जास्त खाल्ला होता, कारण तिथं रंगाचे आणि खळीचे थर सगळ्यात जाड होते. तिसरी लाट होती तिथून मला पलीकडचा गोठा दिसत होता.

अक्का दहा पावलांवर उभी होती. मागे वळलो आणि त्या दोघांदेखत मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, "तुझ्या सोवळ्यानं खाल्ला माझा समुद्र!"

सरस वापरला असता तर हे झालं नसतं, मुंबईचे पडदे दहा-दहा वर्षं टिकतात, बायकांच्या नादी लागून काम केलं की हेच होणार, आणखीही काय काय बोललो. मोरचुदाचा एक शब्द काढला नाही. वखार सोडून घरी रंगवायला मीच आलो होतो, तिच्या आवाजासाठी आलो होतो, तेही सोयीनं विसरलो. ते दोघं जमिनीकडे बघत उभे राहिले. अक्का पुढं आली, पडलेल्या कापडाची एक कड हातात धरली, बोटांनी चुरून बघितली. तिला कळलं असणार. हातांना फोड येईपर्यंत खळ घोटलेल्या बाईला मोरचूद घातलेली खळ आणि न घातलेली खळ हातानं कळते. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दोघांना म्हणाली, उन्हातून आलात, ताक घेऊन जा.

त्या दिवसापासून तिचं गुणगुणणं थांबलं. भांडण नाही, अबोला नाही. जेवायला वाढी, पूर्वीसारखी थट्टा करी, माझ्या लग्नात तिनंच सगळं केलं. फक्त सूर नाही. मी महिनाभरानं एकदा धीर करून म्हटलं, म्हण ना काहीतरी. ती म्हणाली, आता लागत नाही रे. आणि विहिरीवरचं पाणी काढून लगेच परत यायला लागली.

पुढच्या वर्षी मी वखारीत सरस शिजवून नवा समुद्र काढला. टिकाऊ झाला. पेटीमास्तर तो बघून म्हणाले, यंदा तुझा समुद्र नुसता उभाच आहे, हलत नाही. मी आणखी सहा-सात पडदे काढले. किल्ल्याखालचा समुद्र, भाट्याच्या खाडीचं मुख, हर्णैच्या होड्या. सगळ्यांत लाटा होत्या. कौलं शाकारलेली.

मग बोलपट आले, हौशी मंडळी थंडावली, आणि मी चिपळूणला शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो. मुलांना सुरई आणि केळी काढायला शिकवू लागलो. सुट्टीत घरी येई. अण्णा नोकरीतून निवृत्त झाले, थकले, आणि थकल्यावर चार शब्द जास्त बोलायला लागले. पस्तीस-छत्तीस सालच्या उन्हाळ्यातली ती दुपार. आम्ही दोघं ओटीवर बसलो होतो. वकिलांकडे फोनोग्राफच्या जागी रेडिओ आला होता आणि त्यावर कुणीतरी गात होतं. अण्णा ऐकत होते. मधेच म्हणाले, आपली अक्का किती छान म्हणायची. बंद का केलं कुणास ठाऊक.

मला वाटलं, इतकी वर्षं झाली, आता बोलायला हरकत नाही. निदान अर्धं तरी. मी म्हटलं, तिला तेव्हा तो पडदा बघायचा होता, अण्णा. राहून गेलं. तुम्हाला आवडलं नसतं म्हणून मीच नेलं नाही.

अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांनी सांगितलेलं मी त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण ते मला पाठ झालेलं आहे.

"मला न आवडायला काय झालं? ती आली होती त्या दुपारी माझ्याकडे. तू गाडीबरोबर गेलास आणि ही आली. म्हणाली, तुम्ही नको म्हणालात, पण मी लांबूनच बघते, दारातून. मी म्हटलं, मी कधी नको म्हटलं? चल, मी येतो बरोबर. मी टोपीसुद्धा घातली. तशी ती जागच्या जागी उभी राहिली. मग म्हणाली, राहू द्या अण्णा, त्याच्या मनात नसेल. मी तुला चांगला फैलावर घेणार होतो. पण तिनं मला शपथ घातली. आज त्याचा दिवस आहे म्हणाली, त्याला काही बोलू नका."

रेडिओवरचं गाणं चालूच होतं. अण्णांनी पुन्हा अडकित्ता उचलला.

म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापताना, तिसरी लाट कशी दिसली म्हणून विचारणाऱ्या अक्काला सगळं ठाऊक होतं. मी आगरात टांगीन म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला तेव्हाही ठाऊक होतं. तिनं मला त्या वेळी माफ केलेलं होतं. पातेरा झाडला, शेणसडा घातला, तो माफ करूनच. आणि त्यानंतर मी तिच्यावर ओरडलो.

मी उठून आत गेलो. सांगायचंच होतं मला. अण्णांना विचारलं नव्हतं, मोरचूद घातला नव्हता, ऊन दाखवलं नव्हतं, तुझी लाज वाटली होती. सगळं ओळीनं मनात लावून गेलो. अक्का स्वयंपाकघरात विळीवर फणसाची भाजी चिरत होती, हाताला तेल लावून. समुद्राला भरती होती. आवाज आतपर्यंत येत होता. तिनं वर पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला वाटतं, तिला समजलं की मला समजलंय. ती वाट बघत होती. विळीवरचा हात थांबलेला होता.

मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. एक मिनिट गेलं असेल. फार तर दोन.

"चहा ठेवू?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "ठेव."

पुढच्या वर्षी श्रावणात ती तापानं गेली. तार चिपळूणला पोचली तेव्हा मी वर्गात होतो.